चौऱ्याण्णवावी चौकट

कानबाई देवीला नदीवर पोचवून पुरुषमंडळी परतली, पाय धुऊन ओट्यावर टेकली, आणि तांब्यातलं पाणी घशाखाली उतरतं न उतरतं तोच अभिमनकाकांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला.

"काय नाना, आणं का मन्हं चरित्र?"

आत चुलीपाशी गंगाफळाची भाजी ढवळणाऱ्या हेमलताचा हात तिथेच थांबला.

धुळ्याहून येताना एस.टी.त तिने मांडीवर दोनच गोष्टी धरल्या होत्या. एक खोकणारी लेक स्वाती आणि दुसरी सासऱ्यांची, म्हणजे नानांची, फाइल. दोन्हींपैकी जास्त नाजूक कोण, हे धुळ्यातल्या देवपूरपासून धरणगावपर्यंत तिला ठरवता आलं नव्हतं. फाइलीत सोळा पानं होती, शहाण्णव चौकटी. ‘भूमिपुत्र अभिमन’. जिनिंग सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिलेल्या धाकट्या भावाची जीवनकथा, चित्रांसह; पाच हजार प्रती, घरोघर फुकट. पसंत पडली तर नाना पुन्हा लेखक. नाही पडली तर गुरुवारपासून नाना अभिमनकाकांच्या धरणगावातल्या खताच्या दुकानात, स्टुलावर, बिलं फाडायला. हे दुसरं काकांनी आणि हेमलताच्या नवऱ्याने, युवराजने, परस्पर ठरवून टाकलं होतं. मोठा भाऊ आहे, सावलीत बसवीन, असं काका म्हणाले होते. सावली म्हणजे युरियाच्या थप्पीची.

हेमलताचं मत नवऱ्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगावं, हे तिलाही धड ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं मुंबईत चित्रकथा लिहिणारा माणूस दोन खोल्यांच्या घरात कायमचा येऊन बसला की काय होतं, ते ती दोन वर्षं भोगत होती. नाना मोठ्याने लिहीत. सकाळी सातला पुढच्या खोलीतून "सोड तिला, नराधमा!" अशी आरोळी उठे आणि दूधवाला माप अर्धं टाकून पळे. स्वातीने बालवाडीच्या बाईंना "तुझा अंत जवळ आला आहे" असं सांगितलं होतं, तेही बाईंनी नुसता डबा उघडायला सांगितल्यावर. बाईंची चिठ्ठी आली. हेमलता बी.ए., तीन ओळींचं माफीपत्र तिने नेटकं लिहिलं. नानांनी ते वाचलं आणि म्हणाले, "शेवट ढिला आहे."

नानांचा मानसपुत्र कॅप्टन घोरपड. भिंतीला चिकटून वर चढणारा, अन्यायाला नख लावणारा. दर महिन्याला एक अंक असे दोनशे साठ अंक त्याने भिंती चढून काढले. मग घराघरांत केबल आली, प्रकाशन बसलं, मालकाने त्याच जागेत व्हिडिओ कॅसेटींचं दुकान टाकलं, आणि कॅप्टन घोरपड शेवटच्या अंकात रेल्वेपुलाच्या कठड्याला लोंबकळत राहिला तो राहिलाच.

नाना धुळ्याला आले आणि काम शोधू लागले. बियाण्याच्या एका कंपनीने बोंडअळीवर आठ पानं मागितली. नानांनी बोंडअळीला आई दिली, बालपण दिलं, मरताना दोन पानांचं भाषण दिलं. तिथले साहेब म्हणाले, "पाटील, हे वाचून शेतकरी फवारणी करायचा नाही, सुतक पाळेल." चाळीसगावच्या एका व्यापाऱ्याने मुलीच्या लग्नाची पत्रिका चित्रांमधून करायला सांगितली, तिसऱ्याच चौकटीत नवरी पळवली गेली. आणि अर्ज तर किती! जिथे कुठे चित्रकथा छापतात तिथे तिथे. प्रत्येक अर्जाच्या शेवटी "पण तेवढ्यात..." असं लिहून खाली सही. पुढे काय झालं हे विचारायला तरी संपादकाला उत्तर लिहावं लागेल, हा हिशेब.

उत्तरं आली होती. तीन. तिन्ही हेमलताने फोडली, वाचली आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवली. कुणी वय लक्षात घेतलं होतं, कुणी वाचकांची बदललेली आवड. नानांनी विचारलं की ती म्हणे, "टपालाला हल्ली फार उशीर होतो, नाना." आणि स्वातीचं नाक पुसायला वळे.

"आणलंय की!" बाहेर नाना म्हणाले. "मात्र वाचताना मध्ये कोणी बोलायचं नाही."

फाइल लोटन मास्तरांनी घेतली. चुलतभाऊ असले तरी निवृत्त मुख्याध्यापक; लिहिलेला कुठलाही कागद आपल्याआधी दुसऱ्याने वाचला की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. त्यांनी घसा खाकरला.

"चौकट पहिली. अंधार. विजा. पाळण्यात बाळ अभिमन. पाळण्यावर फणा काढलेला नाग. फुगा: ‘फुस्स!’ हा फुगा कोणाचा, झुलाल?"

"नागाचा," नाना म्हणाले; मास्तर त्यांना नावानेच हाक मारत. "बाळाला चौथ्या चौकटीत बोलतं करतो."

"नाग कोठला उना?" दारातल्या चौरंगावरून भागाबाई अक्का म्हणाल्या. नानांचे थोरले भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या या बायकोला मध्ये बोलू नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. "मी व्हती ना तठे. पाळणामा ढेकूण व्हतात."

ओटा हसला. अभिमनकाकाही हसले, पण मिशीतल्या मिशीत. "अक्का, ढेकणांवर निवडणूक जिंकत नहीत. मास्तर, वाचा."

मास्तर वाचत गेले. अभिमन सहाव्या वर्षी वीज अंगावर घेतो. अभिमन दुष्काळात पहारीच्या एका घावात पाणी काढतो. एकविसाव्या चौकटीत नदीला पूर येतो आणि अभिमन दोर दातांत धरून तीन म्हशी काठावर ओढतो.

"भो," नथ्थूला राहवेना. नथ्थू गावातला विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा, मास्तरांचा सख्खा धाकटा. "पूर उना तवय तू ते जळगावले सिनेमा देखाले गयथा! म्हशी मी काढ्यात. आनि दोनच. तिसरी वाही गयी."

"नथ्थू, उमेदवार तू शे का मी?"

"तू शे. मंग माले बी टाक ना. म्हशीना मांगे, दिसू एवढा."

"तसं असेल तर विहिरीच्या प्रसंगात शाळेचा उल्लेख हवा," मास्तर पानातून डोकं न काढता म्हणाले. "पाणी कुठे लागेल हे मी भूगोलाच्या आधारे सांगितलं होतं."

"तुम्ही जठे सांगं तठे खडक लागा!" नथ्थू म्हणाला.

सकाळी याच माणसांनी नानांना "काय कॅप्टन, भिंत चढतस का?" म्हणून कोपरखळ्या मारल्या होत्या. आता तीच माणसं चौकटीत टेकायला जागा मागत होती. हेमलताने भाजीत गूळ घातला आणि दाराशी सरकून उभी राहिली. युवराज ओट्याच्या टोकाला बसून बापाकडे असं बघत होता, जणू नापास होणार म्हणून ठरलेलं पोर पेपर बरा लिहून आलं.

नवव्या पानावर खलनायक आला. काळा पंजा. काळी घोंगडी, तोंडावर काळा मुखवटा. विहिरीतली मोटार पळवतो, सोयरिकी मोडतो, घरातली भांडी गडप करतो. गाव हैराण. अभिमन त्याच्या मागावर.

"हाऊ काळा पंजा कसाले?" काकांनी विचारलं. "माले मतं सगळ्यासनी पाहिजेत."

"अभिमन, नायकाची उंची खलनायकाच्या खांद्याला लावून मोजतात. खलनायक नसला तर तू नुसता मोकळ्या रानात उभा असलेला माणूस. तुला कोण मत देईल?"

काकांना पटलं. मास्तरांनी शेवटचं पान उलटलं. "चौकट चौऱ्याण्णव. झटापट. मुखवटा गळून पडतो. गावकरी थक्क. फुगा: ‘अरे! हा तर आपलाच...’" त्यांनी कागद उजेडाला धरला, मागे बघितलं. "पुढे नाव नाही. चित्रकाराला सूचना: ‘चेहरा नंतर.’ झुलाल, कोण आहे हा?"

"चेहरा शेवटी ठरतो. चित्रं काढणारा युसूफ चाळीसगावला आहे, त्याला फोटो पाठवायचा आहे. म्हणून तर येताना सगळ्यांचे फोटो असलेला आल्बम काढून ठेवायला सांगितला."

"पण ‘आपलाच’ म्हणजे?"

"आपलाच. घरातला. मुखवट्याखाली परका निघाला की वाचक अंक फेकून देतो. बावीस वर्षं हेच केलंय."

नथ्थूने उगाच करंगळीने कान कोरला. मग आतून प्रमिलाबाईंनी, काकांच्या बायकोने, जेवायला बोलावलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर होता.

रोटांचं जेवण म्हणजे भाऊबंदकीचं जेवण. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे, त्या पिठाचे रोट करायचे, ते भाऊबंदांनीच खायचे आणि संपवायचेही त्यांनीच. निवडणं, दळणं, थापणं बायकांकडे, मूठ पुरुषांची. परवा मुठी मोजताना स्वातीने हात पुढे करून "माझी?" विचारलं तेव्हा प्रमिलाबाईंनी तिच्या तळव्यावर चार दाणे ठेवून ती मिटवली होती आणि दाणे परत पोत्यात टाकले होते. आज पंगतीला नानांच्या ताटात तूप प्रत्येकाकडून वेगळं पडत होतं. नथ्थूने आपल्या वाटीतली खीर त्यांच्या वाटीत ओतली. मास्तर म्हणाले, "झुलालची भाषा पहिल्यापासूनच कसदार." नाना भूक लागलेल्या माणसासारखे शांतपणे जेवले. अभिमनकाका पाच रोट खाऊन, हात धुऊन, माजघरात आडवे झाले आणि लगेच घोरू लागले.

हेमलता मागच्या अंगणात भांड्यांना राख लावत होती, तेवढ्यात नथ्थूकाका दातांत काडी घालत आले.

"सूनबाई, तुन्हा सासरा तुन्हं आयकस ना?"

"कधीमधी ऐकतात. का हो काका?"

"त्या मोटरनं... सगळ्यासनी विहिरवरली मोटर चोरी गयी म्हने, ती चोरी नव्हती. मी रिपेरीले लई गयथा. मंग ती विसरनी गयी."

"किती वर्षं?"

"नऊ." त्यांनी काडी फेकली. "नानाले सांग, मुखवटाखाले मन्हं तोंड शोभाव नही. मन्हा पोऱ्याले पोर पाहणं चालू शे."

ते वळतात न वळतात तोच कडुलिंबाआडून लोटन मास्तर आले. ते थेट विषयावर येणाऱ्यांतले नव्हते. स्वातीच्या खोकल्याची चौकशी झाली, हवेची झाली, बी.ए.ला कोणता विषय होता याची झाली. "तू शिकलेली आहेस, म्हणून तुझ्याशी बोलतो. समजा, एखाद्याने एखाद्या सोयरिकीच्या घरी एखादं निनावी पत्र टाकलं. मुलीच्या भल्यासाठी. आणि ती सोयरीक मोडली. तर अशा माणसाला काळा पंजा म्हणणं साहित्याच्या दृष्टीने योग्य ठरेल का?"

हेमलताने नथ्थूकाकांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. त्यांच्याच थोरल्या मुलीची सोयरीक मोडली होती. "अक्षर ओळखू आलं असेल का हो, मास्तरकाका?"

"डाव्या हाताने लिहिलं होतं," मास्तर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं.

प्रमिलाबाई तर कामच घेऊन आल्या. पितळी घंगाळ, चिंचेने लखलखीत केलेलं, कडेवर पोर घ्यावं तसं घेतलेलं. "जिजीनं शे. तुन्ही सासूनं. ती गयी तवय मी सांभाळीसन ठेयेल व्हतं. तुमनं घर धाकलं, कोठे ठेवतात? आते लई जाय."

सासूबाई जाऊन सात वर्षं झाली होती. गेल्या कानबाईला याच घंगाळात हेमलताने बादलीने पाणी भरलं होतं आणि "केवढं छान आहे हो काकू, माहेरचं का?" विचारलं होतं, काकूंनी मान हलवली होती. तिने घंगाळ घेतलं. जड होतं. इतकं जड भांडं एस.टी.त कसं न्यायचं, या काळजीने तिचं कपाळ दुखू लागलं.

मग युवराज आला. तिचाच नवरा. आधी त्याने मुलीला उचललं, तिच्या कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाला. "ते खताच्या दुकानाचं मी नानांना न विचारता ठरवलं, ते त्यांना फारच लागलंय का गं?"

"तुम्हीसुद्धा?"

"मी भल्यासाठीच... काका म्हणाले, बसून-बसून माणूस वेडा होतो. नाना चेहरा माझा तर नाही ना देणार? आमच्या डेअरीत सगळे वाचतील."

हेमलताला हसू येत होतं आणि रागही येत होता. एका मोकळ्या चौकटीने सगळं घर मागच्या दाराने रांगेला लावलं होतं. शेवटी भागाबाई अक्का काठी टेकत आल्या आणि पाट ओढून बसल्या.

"तुमचं काय, अक्का? तुमची कसली चोरी?"

"मन्ही काय चोरी? आठे चोरी कराले काय व्हतं?" अक्कांनी तंबाखू मळली. "सासराले सांग, माले कर काळा पंजा. म्हशी शेतस, नाग शे, पाळणा शे. बाई एक नही. मुठमा नही, पुस्तकमा बी नही. निदान चोर म्हनीसन तरी टाक." त्यांनी चिमूट गालात धरली आणि माजघराकडे हनुवटी केली. "बठ्ठा उनात ना आठे? तो नही उना. देख कसा घोरस."

तो नही उना. हेमलताच्याही ते लक्षात आलं होतं. मोटार, पत्र, घंगाळ, स्टूल. लहान लहान पापं पायांत पाय अडकवत येऊन गेली. नाना मुंबईला कॅप्टन घोरपडीला भिंती चढवत होते, तेव्हा इथे मळ्याचा बांध चालत होता. दर पावसाळ्यात थोडा थोडा नानांच्या बाजूला. मग एके वर्षी सातबाऱ्यावर नानांचं नावच उरलं नाही. गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही, पण बोलत कोणी नव्हतं; सगळ्यांना अभिमनकडून उधारीने खत न्यायचं असे. आणि तोच माणूस पाच रोटांवर निवांत घोरत होता. मुखवट्याखाली आपलं तोंड असू शकेल, हे त्याच्या स्वप्नातही आलेलं नव्हतं.

तिने चहा केला आणि पहिला कप नानांना नेऊन दिला. ते पडवीत चौऱ्याण्णवाव्या चौकटीसमोर पेन्सिल कानावर ठेवून बसले होते. कोरी चौकट खिडकीसारखी दिसत होती. हेमलताला वाटलं, रांगेत आपलाही नंबर आहेच.

"नाना, मला एक सांगायचं होतं. तुमची पत्रं..."

"तांदळाच्या डब्याखालची? राहू दे तिथेच. काढलीस तर डबा डुगडुगतो."

हेमलताने बशी खाली ठेवली. "तुम्ही वाचलीत?"

"तिन्ही. एकानेही विचारलं नाही बघ, ‘पण तेवढ्यात’ काय झालं म्हणून." त्यांनी फुंकर घालून चहाचा घोट घेतला. "पोरी, आता कोणी विचारेल असं वाटत नाही. हे एवढं एक काम आहे. हे झालं नाही तर मी स्टुलावर बसेन, घरात आरडाओरडा करणार नाही. तुझी पोरगी पण सुधारेल."

त्यांच्या तोंडून इतकं साधं वाक्य तिने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. सकाळी सातची आरोळी आली नाही तर आपल्याला बरं वाटेल, असं तिला इतके दिवस वाटत होतं, आता वाटेना.

अभिमनकाका चार वाजता उठले. तोंड धुऊन, टोपी घालून खुर्चीवर बसले. सगळे आपोआप जमले, जो तो दुसऱ्याच्या मागे.

"ठरनं का नाना? मुखवटाखाले कोन?"

"मालक तू. तू सांगशील तो."

"मी ठराई टाकं." काकांनी मांडीवर थाप मारली. "तोताराम!"

तोताराम म्हणजे निवडणुकीतला विरोधी उमेदवार, धरणगावकडचा, दूरच्या नात्याने साडू. नथ्थूचा जीव भांड्यात पडल्याचं ऐकू येईल इतक्या जोरात त्याने श्वास सोडला. मास्तर म्हणाले, "योग्य. साडू म्हणजे आपलाच." हेमलता मात्र नानांकडे बघत होती. नानांनी एक क्षणही घेतला नाही. "ठीक. तोताराम." बावीस वर्षं दुसऱ्याच्या पैशावर लिहिलेल्या माणसाचा कणा कागदासारखाच घडी घालता येतो, असं तिला वाटून गेलं आणि तिला त्यांचा राग आला.

"पण एक अडचण आहे," नाना म्हणाले. "मोटार आणि भांडी चोरून एवढा मोठा खलनायक होत नाही. त्याचा मूळ गुन्हा लागेल, मोठा, वाचकाच्या पोटात खड्डा पडेल असा. मी या तोतारामला ओळखत नाही. तू सांग, त्याने काय केलं? मी उतरवून घेतो."

"तो काय करस? तो काय बी करू शकस!" काका खुर्चीत पुढे सरकले. लोकांना गोष्ट सांगायची त्यांना हौस होती, उगाच पुढारी झाले नव्हते. त्यांनी डोळे बारीक केले. "लिखा. त्याले एक भाऊ शे. भाऊ परगावले. जमीन दोन्हीसनी. तोताराम काय करस? बांध सरकावस."

"एकदम?"

"एकदम सरकावा तं दिसस ना! दर पावसाळामा एक वीत. पह्यला पाऊस पडना का रातले नही, दिनमानेच जावानं, कुदळ लईसन. कोनी इचारं तं म्हनानं, बांध वाही गया, नीट करी राहिनू. लोकेसले वाटस, देखा कितला कामसू मानूस."

ओट्यावरचे डोळे एकमेकांना भेटले आणि खाली गेले. दहाव्या पानावरच्या पाठलागाच्या चौकटी खोडून त्यांच्या जागी नानांचं पेन चालत होतं.

"हळू सांग. मग?"

"मंग तलाठी. त्याले दिवायीले बलावानं नही, दिवायीले बठ्ठाच बलावतस. आखाडमा बलावानं, कोंबडं कापानं. आनि भाऊले पत्र धाडानं: घरनी भिंत पडनी, सरकारी मदत येवाव शे, या कागदवर सही करी दे. भाऊ भोया. शहरमा मोठा मोठा गोष्टी लिखस, पन घरना कागद वाचत नही. सही करी देस."

"अहो," प्रमिलाबाई दारातून म्हणाल्या, "चहा गार व्हई राहिना."

"थांब व! रंगमा उनं शे." काकांचा चेहरा खुलला होता, आता त्यांना स्वतःलाच गंमत वाटू लागली होती. "आनि खरी गंमत लिखा, नाना. त्या पाकीटमा तोताराम दुसरं पाकीट घालस. पत्ता लिखेल, तिकीट लायेल. भाऊले टपालमा जावानी बी तरास नको! कसं?"

नथ्थू खोकू लागला आणि खोकतच राहिला. मास्तर आढ्याकडे बघू लागले. युवराजचं तोंड उघडं पडलं होतं. ते पाकीट हेमलताने स्वतः पाहिलेलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नानांच्या ट्रंकेत, कॅप्टन घोरपडीच्या जुन्या अंकात खूण म्हणून घातलेलं. सही बहुधा दुसऱ्याच पाकिटातून गेल्याने उरलेलं, गावचा पत्ता टाकलेलं, तिकीट लावलेलं.

"पाकिटाचा रंग?" नानांनी मान वर न करता विचारलं. "चित्रकाराला सांगावा लागतो."

"खाकी."

"खाकी," नानांनी लिहिलं.

अक्कांनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या की काय, हे हेमलताला नीट कळलं नाही. कोणी तरी आता बोलेल, असं वाटून ती वाट बघत राहिली. पण मोटारवाला बोलला नाही, डाव्या हाताने लिहिणारा बोलला नाही, घंगाळवाली तर आतच निघून गेली.

"मास्तर, वाचा एकदाव पुरं," काकांनी हुकूम सोडला.

मास्तरांनी वाचलं, शाळा तपासणीला अधिकारी आल्यावर वाचावं तसं. कुदळ, वीत, तलाठी, कोंबडं, सही, पाकीट. शेवटी मुखवटा, त्याखाली तोताराम. काका प्रत्येक चौकटीला मान डोलावत होते. "पक्का चोर शे तोताराम! वाचीसन मन्हंच रगत उकळनं. हाई गावले पटी. नाना, दुकाननं स्टूल ऱ्हाऊ द्या. हाई पुस्तक चालनं तं सोसायटीना अहवाल बी तुमीच लिखानात, चित्रं टाकीसन."

"मुंबईच्या रीतीप्रमाणे प्रत्येक पानावर मालकाची सही लागते," नाना म्हणाले. "नंतर कोणी म्हणायला नको, लेखकाने मनचं घातलं."

"आना." काकांनी खिशातलं जाड निबाचं पेन काढलं. सोळा पानं त्यांनी मांडीवर घेतली आणि एकेकाच्या तळाशी ‘मंजूर’ लिहून, खाली तारीख टाकून, निवडणुकीच्या अर्जावर करतात तशी पूर्ण नावाची, लफ्फेदार, दोन रेघा ओढलेली सही करत गेले. खाकी पाकिटाच्या पानावर सहीची शाई जरा जास्त सांडली, तर त्यांनी ती फुंकून वाळवली.

हेमलताने सोळाही पानं मोजून फाइलीत लावली, नाडी दोनदा आवळली, आणि फाइल स्वातीच्या औषधाच्या बाटलीपासून लांब, पिशवीच्या तळाशी नव्हे तर वर ठेवली. पाच हजार प्रती, घरोघर.

"एक सांगा नाना," पेनाला टोपण लावता लावता काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं. "तुमले हाई बठ्ठं सुचस कसं?"

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. बावीस वर्षांची मुंबईची मराठी त्यांच्या तोंडातून कुठे गेली, कोण जाणे.

"माले कोठे सुचस, भाऊ? तू सांगं, मी लिखं."